बाबा अंघोळीला गेलेत

प्रश्न फक्त दोन तास चाळीस मिनिटांचा होता. दुपारी तीन वीसला शाळेची बस फाटकाशी येते आणि संध्याकाळी सहाला मुलींची आई रक्ततपासणीच्या लॅबमधून घरी पोचते. मधला वेळ इतकी वर्षं तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई सांभाळायच्या. त्या आपल्या मुलाकडे राहायला गेल्या आणि आखूड पांघरुणातून पाय उघडे पडावेत तसे हे दोन तास चाळीस मिनिटं उघडे पडले.

"राहतील एकट्या," बायको चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली. "थोरली बारा वर्षांची झाली, धाकटी नऊची. आता नाही तर केव्हा राहणार?"

दुसऱ्या एखाद्या घरात हा विषय चादरीबरोबरच घडी होऊन कपाटात गेला असता. पण या घरचे कर्ते पुरुष विमा कंपनीचे सर्व्हेअर होते, आणि तेही आगीचे. जिथे काही जळालं तिथे दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन हजर व्हायचं आणि ते कशामुळे जळालं हे लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांनी कामानिमित्त एकही धड स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. इस्त्री पाहिली की लोकांना कपडे आठवतात; साहेबांना पडदे आठवत. (त्यांना इमारतीत सगळे साहेब म्हणत. ऑफिसात कोणी म्हणत नसे, म्हणून आपणही इथे म्हणू.)

"मी बघतो," साहेब म्हणाले.

"तुम्ही नका बघू," बायको घाईघाईने म्हणाली, पण तोवर त्यांनी मोजपट्टी काढली होती.

शनिवारी त्यांनी स्वतःच्या घराचा रीतसर सर्व्हे केला. पडवीतून नव्हे, घराला पडवी नव्हतीच. दाराबाहेरच्या पायपुसण्यापासून सुरुवात केली आणि मागच्या बाल्कनीतल्या झाडूपाशी थांबले. अहवाल अकरा पानांचा झाला. 'गॅस शेगडी, बर्नर दोन, धोका उच्च. गीझर, धोका उच्च. काचेचं टीपॉय, धोका मध्यम, कोपरे उच्च. धाकटी कन्या, धोका उच्च.' धाकटीने हे वाचलं आणि तिला फार अभिमान वाटला. तिने तो कागद मैत्रिणींना दाखवायला मागितला. तिला घरात मुंगी म्हणत, कारण ती कुठूनही कुठेही जाऊ शके.

अहवालावरून तेवीस कलमांची नियमावली निघाली. ती फ्रिजवर लावायची ठरली, पण फ्रिजचं दार अठराव्या कलमापाशी संपलं. उरलेली पाच कलमं फ्रिजच्या बाजूला, भिंतीकडच्या अंगाला चिकटवली गेली. ती वाचायची तर फ्रिज पुढे ओढावा लागे, आणि जड वस्तू ओढायला कलम अकरानुसार मनाई होती. ही अडचण थोरलीने लक्षात आणून दिली. थोरलीला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर तशी काहीतरी सोय होती.

रविवारी सकाळी नियमावलीचं जाहीर वाचन झालं.

"कलम सात. बेल वाजली तर दार उघडायचं नाही."

"कुणी असलं तरी?" ताईने विचारलं.

"कुणी असलं तरी."

"समोरच्या काकू?"

"नाही."

"आजोबा?"

"आजोबा फोन करून येतील."

"आणि तुम्ही आलात तर?"

"माझ्याकडे किल्ली असते. मी बेल वाजवणारच नाही."

"किल्ली नसली तर?"

साहेबांना वायफळ शंका आवडत नसत. ते म्हणाले, "किल्ली नसली तर तो मी नव्हे, असं समज."

ताईने हे वहीत लिहून घेतलं.

"कलम आठ. बाहेरच्याला घरात मोठं माणूस नाही हे कळता कामा नये. कुणी विचारलं तर सांगायचं, बाबा अंघोळीला गेलेत."

"दुपारी चार वाजता?" बायकोने आतून विचारलं.

"उकाड्याने माणूस केव्हाही अंघोळ करतो," साहेब म्हणाले. "आणि नुसतं सांगायचं नाही. एकीने नळ सोडायचा."

"मी गाणं म्हणू? तुमच्या आवाजात?" मुंगीने विचारलं. साहेब अंघोळ करताना गातात ही गोष्ट साहेबांना ठाऊक नव्हती. पण सूचना सुरक्षेच्या दृष्टीने उपयुक्त असल्यामुळे त्यांनी ती मान्य केली.

आता एखादी गोष्ट घरात ठरली म्हणजे ठरली असं अजून तरी कुठल्याही इमारतीत झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक भेटले. "अहो, मी सात वर्षांचा असताना घरी चार भावंडं सांभाळत होतो," ते म्हणाले. साहेबांना जरा धीर आला. "त्यातला एक छपरावरून पडला," मुख्याध्यापक पुढे म्हणाले, "पण तेव्हा छपरं बुटकी होती." समोरच्या काकूंचं म्हणणं असं की मुलींना एकटं ठेवणं म्हणजे दूध उघडं टाकण्यासारखं आहे, पण त्या काही बोलणार नाहीत. काही न बोलता त्या पाऊण तास बोलल्या. "मी आहेच की समोर," असं शेवटी त्या म्हणाल्या, "माझं अर्धं लक्ष तुमच्याच दाराकडे असतं." हे खरं होतं. उरलेलं अर्धं खालच्या मजल्याकडे असे.

सोसायटीच्या सेक्रेटरीने वेगळाच मुद्दा काढला. 'इमारतीत प्रौढ व्यक्तीविना राहणारे रहिवासी' अशी नोंद कुठल्या रजिस्टरात करायची? भाडेकरूंचं रजिस्टर होतं, पाळीव प्राण्यांचं होतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि मुलींची नावं पाळीव प्राण्यांच्या रजिस्टरात तात्पुरती लिहून ठेवली. 'लस घेतली का' या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे 'होय' लिहिलं.

पण हे सगळं शाळेच्या ऑफिसापुढे काहीच नव्हतं. बसमधून मूल उतरवून घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीचं ओळखपत्र शाळेकडे असावं लागे आणि तिथे अजून शिलाईवाल्या बाईंचा फोटो होता. साहेब अर्धी रजा टाकून गेले.

"व्यक्ती बदलायचा फॉर्म आहे," खिडकीतल्या क्लार्कबाई म्हणाल्या. "नवीन व्यक्ती कोण?"

"कोणीच नाही. मुली स्वतः उतरतील आणि स्वतः घरी जातील. फाटकापासून जिना बत्तीस पावलांवर आहे, मी मोजलाय."

"ते ठीक आहे. पण इथे नाव लिहावं लागतं."

"लिहा ना, कोणीच नाही."

बाईंनी तसं लिहिलं. मग त्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं. "कोणीच नाही यांचे दोन फोटो लागतील. पासपोर्ट साइजचे."

साहेबांनी आयुष्यात अनेक आडमुठे फॉर्म पाहिले होते. काही तर स्वतः तयार केले होते. त्यामुळे हे भांडून सुटणारं नाही हे ते ओळखून होते. शेवटी इमारतीच्या वॉचमनचं नाव घालायचं ठरलं. वॉचमनने आयुष्यात पहिल्यांदाच स्टुडिओत जाऊन फोटो काढला आणि नेमक्या क्षणी डोळे मिटले. "डोळे मिटलेले चालतील," क्लार्कबाई म्हणाल्या, "कान दिसले पाहिजेत." कान उत्तम दिसत होते.

अशा रीतीने बुधवार उजाडला.

बुधवारी साहेबांच्या वाट्याला गाद्यांचा जळालेला कारखाना आला होता. कापूस हा फार मायावी पदार्थ आहे. विझला असं वाटतं आणि आत तो दोन दिवस धुमसत असतो. साहेब गुडघाभर ओल्या राखेत उभे राहून विजेच्या जळक्या वायरी तपासत होते, म्हणजे एका हाताने तपासत होते. दुसऱ्या हातात फोन होता. मुलींसाठी घरी एक जुना मोबाइल ठेवलेला होता. तीन पंचविसाला त्यांनी पहिला फोन केला. मुली घरी पोचल्या होत्या. तीन एकतीसला केला, त्यांनी हात धुतले होते. तीन अडतीसला केला, एक हात अजून ओला होता. कारखान्याचा मालक शेजारी हात जोडून उभा होता. "साहेब, गाद्या इकडे जळाल्यात," तो शेवटी न राहवून म्हणाला, "तुम्ही फोनकडे काय बघताय?"

चार वाजता ताई म्हणाली, "बाबा, तुमचे फोन घेता घेता मुंगीचं थर्मासच्या डब्यातलं जेवण थंड झालं. ते मी गरम करू शकत नाही. कलम एक, शेगडीला हात लावायचा नाही."

"थंडच खा," साहेब म्हणाले.

चार दहाला त्यांनी फोन केला तेव्हा कुणी उचलला नाही. चार अकराला नाही. चार बाराला नाही. चार तेराला साहेबांच्या डोळ्यांसमोरून एकोणीस वर्षांतली सगळी स्वयंपाकघरं एका ओळीत गेली. बायकोला फोन करण्यात अर्थ नव्हता; लॅबमध्ये सगळ्यांचे फोन कामाच्या वेळेत लॉकरमध्ये असत. ते राखेतून धावत सुटले. दाराशी जळकी चौकट होती. 'हात लावू नये' असा कागद त्यांनीच सकाळी तिच्यावर लावला होता. ते त्या चौकटीला धडकले आणि ती राखेसकट त्यांच्या अंगावर आली. मालकाने त्यांना उठवलं, रिक्षात बसवलं, आणि रिक्षा दिसेनाशी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की साहेबांची बॅग एका गादीवर राहिली आहे. बॅगेत पाण्याची बाटली, मोजपट्टी, फाइल आणि घराची किल्ली होती.

घरी फोन का उचलला जात नव्हता, त्याचं कारण अगदी साधं होतं. मुंगीने तो चादरींच्या कपाटात चार चादरींखाली ठेवला होता. "बिचारा दमला असेल," असं तिचं म्हणणं.

चार चाळीसला साहेब दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या दारापुढे उभे होते. डोक्यापासून बुटापर्यंत काळे. भुवया कुठे संपतात आणि कपाळ कुठे सुरू होतं हे सांगता आलं नसतं. डाव्या खांद्यावर थोडा कापूस चिकटला होता. त्यांनी खिसे चाचपले, पुन्हा चाचपले, आणि मग जे कधीच करणार नाही असं ताईच्या वहीत लिहिलं गेलं होतं ते केलं. बेल वाजवली.

आत काहीतरी हललं. दाराच्या भिंगात क्षणभर अंधार झाला.

"कोण आहे?" ताईचा आवाज.

मुलगी जिवंत आहे हे कळल्याबरोबर साहेबांनी दोन्ही काळे तळवे दारावर टेकले. "अगं मी! बाबा! उघड लवकर!"

आत थोडी कुजबुज झाली. मग ताई स्पष्ट म्हणाली, "बाबा अंघोळीला गेलेत."

"अगं, मीच बाबा आहे!"

"ते अंघोळीला गेलेत. नंतर या."

आणि आतून नळाचा आवाज येऊ लागला. पाठोपाठ जाड, घोगरा, बराच बेसूर गाण्याचा आवाज आला. साहेब आपल्याच दारापुढे उभं राहून स्वतःला गाताना ऐकत होते. मध्येच ते गाणं खाकरलं. खाकरणं हुबेहूब होतं.

समोरचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या. "अगंबाई, साहेब, हे काय ध्यान? आणि तुम्ही इथे, तर आत कोण अंघोळ करतंय?"

"कोणी नाही! मुंगी गातेय."

"मुंगीचा आवाज असा? सर्दी झालीय का तिला?" काकूंनी दाराला कान लावला. "नाही, हे तुम्हीच आहात."

पुढच्या पाच मिनिटांत जिना भरला. मुख्याध्यापक खाली आले, सेक्रेटरी रजिस्टर घेऊन वर आला, वॉचमन दोघांच्या मधल्या पायरीवर थांबला. साहेबांना सगळ्यांनी ओळखलं, यात वाद नव्हता. वाद पुढच्या गोष्टींवर होता.

"तुम्ही तुम्ही आहात हे सोसायटीला मान्य आहे," सेक्रेटरी म्हणाला. "पण दार उघडायचं की नाही हा घराच्या आतला मामला आहे. त्यात आम्ही पडत नाही."

"मूल घाबरलंय, गोड बोला," काकू म्हणाल्या.

"दरडावा," मुख्याध्यापक म्हणाले. "शब्दाला वजन हवं. उघड म्हटलं की उघडलं पाहिजे." मग त्यांनी स्वतःच दाराशी तोंड नेऊन पस्तीस वर्षांच्या नोकरीतला आवाज काढला. "दार उघड!" तळमजल्यावर दोन दारं उघडली. हे उघडलं नाही.

साहेबांनी खिशातलं ऑफिसचं ओळखपत्र काढलं आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. आतून ते उचललं गेलं. कार्ड बघितलं जात होतं. भिंगात पुन्हा अंधार झाला.

"यातल्या माणसाचं तोंड स्वच्छ आहे," ताई म्हणाली.

"तो मीच आहे, तोंड धुतलेला!"

"मग हे कार्ड तुम्हाला कुठे मिळालं?"

वॉचमनला हसू आलं आणि त्याने खोकल्यासारखं केलं. साहेबांचा चेहरा काळा असल्यामुळे लाल झालेला दिसला नाही, एवढाच त्या राखेचा उपयोग.

"ठीक आहे," ताई आतून म्हणाली. "मी प्रश्न विचारते. मुंगी कुठल्या तुकडीत आहे?"

"ब," साहेब म्हणाले.

"क," जिन्यातून वॉचमन हळूच म्हणाला.

"बाहेरच्यांनी सांगायचं नाही," ताई म्हणाली. "मुंगीचा गेल्या आठवड्यात कुठला दात पडला?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. काकूंनी वरच्या ओठावर डावीकडे बोट ठेवलं. मुख्याध्यापकांनी उजवीकडे ठेवलं. दोघांत तिथेच कुजबुजत जुंपली.

"वरचा," साहेब म्हणाले. याहून जास्त धोका पत्करायची त्यांची तयारी नव्हती.

"खालचा," ताई म्हणाली. "माझी बसमधली शेजारीण दोन महिने माझ्याशी का बोलत नाही?"

यावर जिन्यात कुणीच कुठे बोट ठेवलं नाही. एकोणीस वर्षांत साहेबांनी शेकडो घरांबद्दल लिहून दिलं होतं, कुठला बर्नर चालू राहिला, कुठली वायर सैल होती, पडदा शेगडीपासून किती इंचांवर होता.  असा काही प्रश्न आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

"बोलत नाही का ती?" त्यांनी विचारलं.

 आत नळ बंद झाला. गाणंही थांबलं. 

तेवढ्यात वास आला.

साहेबांचं नाक हे त्यांच्या खात्यातलं सर्वांत अनुभवी नाक होतं. पण दिवसभर जळक्या कापसात राहिल्याने ते त्या दिवशी निकामी होतं. त्यांना वाटलं, वास आपलाच येतोय. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. काकूंनी तर शिष्टाचार म्हणून पदर नाकाला लावून थोडं अंतर राखलं.

पण आत मागच्या बाल्कनीत मुंगी उभी होती. ती ओरडली, "ताई, धूर!"

मग जे झालं ते फार भराभर झालं आणि त्यात जिन्यातल्या कुठल्याच मोठ्या माणसाचा काही हात नव्हता. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ताई फोनवर कुणालातरी इमारतीचा पत्ता, मजला आणि जवळची खूण सांगत होती. सांगून झाल्यावर तिने तो पुन्हा एकदा सांगितला, सावकाश. मग कडी निघाली आणि दार सताड उघडलं.

ताई बाहेर आली. नाकातोंडाला ओला रुमाल बांधलेला. एका हाताने मुंगीचा हात घट्ट धरलेला. मुंगीच्या नाकालाही रुमाल होता आणि केस ओले होते, कारण ती भूमिकेत जरा जास्तच शिरली होती. साहेब दोन्ही हात पसरून पुढे झाले.

"बाबा, बाजूला व्हा," ताई म्हणाली. "धूर काकूंच्या घरातून येतोय. लिफ्ट वापरायची नाही. सगळे खाली चला. मुख्याध्यापक आजोबा, कठडा धरा."

आणि ती दोघींना घेऊन, म्हणजे स्वतःला आणि मुंगीला घेऊन, जिना उतरू लागली. ती इतकी सरळ उतरत होती की सगळे तिच्या मागे ओळीने निघाले. सेक्रेटरीने रजिस्टर बंद केलं.

फक्त काकू हलल्या नाहीत. "माझ्या घरातून?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला. "अगंबाई, दूध!"

त्यांनी दूध गॅसवर ठेवलं होतं. साहेबांच्या दारातला आवाज ऐकून त्या बघायला बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या मागे त्यांचं दार आपोआप लागलं होतं. किल्ली आत होती. घरात कुणीही नव्हतं, लहान नाही, मोठं नाही. शेगडी, दूध, आणि शेगडीच्या फार जवळचा खिडकीचा पडदा. साहेबांनी तो पडदा एकदा पाहिला होता. सांगायला हवं असं तेव्हा वाटलंही होतं. पण काकू त्या वेळी बोलत होत्या.

इथे साहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आतापर्यंत त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही घडलेलं नाही. काकू दाराला धडका द्यायला निघाल्या तेव्हा साहेबांनी त्यांना अडवलं. दाराला हाताची पालथी बाजू लावून बघितली. दार गरम होतं. "उघडायचं नाही," ते म्हणाले. "हवा आत गेली तर भडका उडेल. खाली चला." काकू रडायला लागल्या. साहेबांनी इमारतीच्या गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे ते सेक्रेटरीला विचारलं, सेक्रेटरी म्हणाला बघून सांगतो, आणि साहेबांनी स्वतःच जिन्याखालची पेटी उघडून तो बंद केला. मग काकूंचा दंड धरून त्यांना अंगणात नेलं. काकूंच्या ब्लाउजच्या बाहीवर पाच काळी बोटं उमटली.

अग्निशमनाची गाडी आठ मिनिटांत आली. शिडी लागली, खिडकी फुटली, पाणी गेलं. एक पातेलं, एक पडदा, ओट्यावरचं एक कपाट आणि भिंतीवरचा रंग, एवढ्यावर भागलं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर जिन्यामागची, दोन्ही स्वयंपाकघरांमधली भिंत ओलांडून आग पलीकडच्या घरात गेली असती, असं जवान म्हणाला. पलीकडचं घर म्हणजे कुठलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.  साहेबांनी मुंगीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे केस काळे केले, म्हणजे होते त्याहून.

जवानाने वही काढली. "फोन कुणी केला?"

"मी," ताई म्हणाली.

"घरात मोठं कुणी नव्हतं?"

"नव्हतं."

"बरं झालं," जवान लिहिता लिहिता म्हणाला. "मोठी माणसं आधी बघायला जातात."

मग त्याने राखेत माखलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि आदराने विचारलं, "तुम्ही आत शिरला होतात वाटतं?"

साहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण त्याच्या आतच वॉचमन म्हणाला, "नाही, हे आधीपासूनच असे आहेत."

सहाला बायको आली. फाटकाबाहेर लाल गाडी, अंगणात निम्मी इमारत, त्यात काळाठिक्कर नवरा, आणि पायरीवर बसून दोन्ही मुली थंड जेवण जेवतायत. तिने आधी मुलींना पाठीवरून हात फिरवून नीट तपासलं, मग नवऱ्याला तपासलं. "कुठे भाजलं नाही ना?" तिने विचारलं. नाही म्हणताच ती म्हणाली, "मग आता खरंच अंघोळीला जा."

ते गेले. तीन बादल्या लागल्या. गायले नाहीत.

काकू त्या रात्रीपुरत्या त्यांच्याकडेच राहायला आल्या. मुंगीने त्यांना नियमावली वाचून दाखवायला घेतली. त्या पहिल्याच कलमाला पुन्हा रडल्या. मग मुंगीने त्यांना आपला पडलेला दात दाखवला आणि त्यांना बरं वाटलं.

साहेब मागच्या बाल्कनीत आले तेव्हा ताई तिथे एकटीच बसून वही चाळत होती. पलीकडे काकूंच्या खिडकीत काच नव्हती. तिथून अजून ओल्या भिंतीचा वास येत होता.  साहेबांच्या मनात एक गोष्ट सलत होती आणि ती विचारावी की नाही हे ठरत नव्हतं.

"मला खरंच ओळखलं नाहीस तू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ओळखलं होतं," ताई म्हणाली. "बेलवरूनच. किल्ली विसरलात की तुम्ही बेल दोनदा आणि मग जरा थांबून एकदा वाजवता."

"मग उघडलं का नाहीस?"

"तुम्ही फार घाबरला होतात." तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "मुंगी नव्हती घाबरली. मीही नव्हते. तुम्हाला आत घेतलं असतं तर आम्हीही घाबरलो असतो. म्हटलं, आधी तुम्ही जरा शांत व्हा."

साहेबांनी यावर सगळ्या बाजूंनी विचार केला. हरकत घेण्यासारखं त्यात त्यांना काही सापडलं नाही.

"आणि ते प्रश्न? ओळखलं होतंस तर प्रश्न कशाला?"

ताईने वही मिटली. ती म्हणाली, "ते असेच. एरवी विचारायला गेलं की तुम्हाला कुठेतरी निघायचं असतं. आज तुम्ही दाराबाहेर होतात. तुम्हाला कुठे जाताच येत नव्हतं."

पलीकडे काचेचा एक राहिलेला तुकडा चौकटीतून सुटून खाली पडला. दोघांनी तिकडे पाहिलं.

साहेबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. ते एका बाजूला डगमगत होतं. ते त्याच्यावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले.

"ती मुलगी," ते म्हणाले, "बसमधली. का बोलत नाही गं तुझ्याशी?"

"मोठी गोष्ट आहे."

"असू दे," साहेब म्हणाले. "सांग."